सौरग्राम योजना: गावाने घ्यावी का, आणि घेताना काय तपासावं

सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी म्हणजे शंभरेक उंबऱ्यांची वाडी. ऑगस्ट २०२४ मध्ये ती राज्यातलं पहिलं सौरग्राम, म्हणजे सगळं गाव सौर विजेवर असलेलं गाव, झाली. आता कुठल्याही ग्रामसभेत ‘आपलंही गाव सोलर करू’ असा विषय निघाला की पहिलं नाव याच वाडीचं येतं. केंद्राचं अनुदान, महावितरणची जोडणी, ठेकेदाराचं काम आणि ग्रामपंचायतीची मेहनत या चार गोष्टी मिळून गावकऱ्याच्या छतावर जे उभं राहतं, त्या सगळ्या सेवेचं हे परीक्षण आहे.

मत आधी सांगून टाकतो. योजना चांगली आहे, घ्यावी. पण घरटी एकेकट्याने घेतली तर निम्माच फायदा होतो. सगळ्या गावाने एका दमात, ग्रामपंचायतीला मध्ये घेऊन केली तर ती खरी उपयोगाची ठरते. असं का, ते पुढे येईलच.

पैशापासून सुरुवात करू. घराच्या छतावर सोलर बसवायला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेला २९ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची आणि लक्ष्य एक कोटी घरांचं. अनुदान १ किलोवॉटला ३०,०००, २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किलोवॉट किंवा त्यापुढे कितीही असलं तरी ७८,००० रुपये. पॅनल भारतात बनलेल्या सेलचंच लागतं, नाहीतर अनुदान मिळत नाही. इथे एक बारीक मेख आहे. क्षमता मोजताना पॅनलची बेरीज आणि इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राची) क्षमता यांत जी कमी असेल ती धरतात. ठेकेदाराने ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर लावला आणि ५४० वॉटची पाचच पॅनल बसवली, तर क्षमता २.७ किलोवॉट झाली. अनुदान ७८,००० ऐवजी ७२,६०० मिळणार. म्हणून कोटेशनमध्ये ‘३ किलोवॉट सिस्टिम’ एवढंच वाचून सही करू नये. किती पॅनल, प्रत्येकी किती वॉट, हे लिहून घ्यावं.

ज्यांचा वापर महिना १०० युनिटांच्या आत आहे, त्यांच्यासाठी राज्याने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ नावाची पुरवणी योजना आणली. १ किलोवॉटचा खर्च साधारण ५०,००० रुपये धरला आहे. त्यात केंद्राचे ३०,०००, आणि त्यावर राज्याकडून दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला १७,५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५,००० आणि बाकीच्यांना १०,००० रुपये. म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या घराला खिशातून २,५०० रुपये घालावे लागतात. ही भर फार महत्त्वाची आहे. कारण १०० युनिटांच्या आत वीज स्वस्त असते आणि त्यापुढे दर जवळपास दुप्पट होतो. ज्याचं बिलच मुळात कमी, त्याची सोलरने बचतही कमी. राज्याची भर नसती तर या घरांना स्वतःचे पैसे घालून सोलर घेणं परवडलंच नसतं. मान्याचीवाडीसारख्या वाड्यांत बहुतेक घरं याच गटातली असतात.

किती किलोवॉट घ्यावं, याचा हिशोब सोपा आहे. १ किलोवॉटमधून दिवसाला सरासरी ४ युनिटं, महिन्याला १२० धरावीत. गेल्या बारा बिलांमधली युनिटं मिळवा, बाराने भागा आणि आलेल्या आकड्याला १२० ने भागा. महिना ९० युनिटं वापरणाऱ्याला ३ किलोवॉट विकणारा ठेकेदार अनुदानाकडे बोट दाखवतो, पण महावितरणच्या लाइनला गेलेली जास्तीची वीज आर्थिक वर्षाच्या शेवटी मातीमोल भावाने जाते. कोयना-पाटणच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर उत्पादन निम्म्यावर येतं, तेव्हा उन्हाळ्याचा आकडा वर्षभरासाठी धरू नये. तिथे १ किलोवॉटला वर्षाकाठी थोडं कमीच धरलेलं बरं.

आता कागदपत्रं. गावातली निम्मी कामं इथेच अडतात, आणि ग्रामपंचायतीचा खरा उपयोग इथेच होतो. पीएम सूर्यघरच्या पोर्टलवर महावितरणचा १२ आकडी ग्राहक क्रमांक घालायचा, मोबाइल नोंदवायचा, अर्ज करायचा, नोंदणीकृत ठेकेदार निवडायचा, काम झाल्यावर फोटो चढवायचे, नेट मीटर (लाइनवरून घेतलेली आणि लाइनला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) बसवून घ्यायचा आणि शेवटी बँकेचा तपशील द्यायचा. १० किलोवॉटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यतेची वेगळी तपासणी लागत नाही; फेब्रुवारी २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांतल्या दुरुस्तीने ती अट काढली. मंजूर भारही (जोडणीची ठरलेली क्षमता) आपोआप वाढवून मिळतो. वाट सरळ आहे, पण ग्राहक क्रमांक वारलेल्या आजोबांच्या नावावर असतो. बँक खातं नातवाचं. अनुदान ज्याच्या नावावर वीजजोडणी त्याच्याच खात्यात जातं, म्हणून फाईल तिथेच थांबते.

यावर उपाय एकच: पोर्टल उघडण्याआधी जोडणी नावावर करून घ्यायची. त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा लागतो, वारसांची संमती लागते, थकबाकी शून्य असावी लागते. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीचे ग्रामसेवक) दोन दिवस कॅम्प लावून सगळ्या गावाचे उतारे एकदम काढले, महावितरणच्या उपविभागातला माणूस त्याच टेबलावर बसवला, तर महिनोन्‌महिन्यांचं काम आठवड्यात उरकतं. बँकेचाही एक माणूस बोलवावा. ३ किलोवॉटपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही, हे गावात अजून बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. दोन भावांत एक मीटर असेल तर पॅनल कुणाच्या छतावर आणि बिलाचा फायदा कसा वाटून घ्यायचा, हे आधीच लेखी ठरवावं. नंतर तो वाद भाऊबंदकीत जातो.

छताकडे येऊ. १ किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट जागा लागते. सध्याचं ५४० वॉटचं पॅनल सव्वादोन मीटर लांब, सव्वा मीटरला थोडं कमी रुंद आणि अठ्ठावीसेक किलो वजनाचं असतं. स्लॅब असेल तर तोंड दक्षिणेला, उतार १५ ते २० अंश. स्ट्रक्चर, म्हणजे पॅनलखालचा लोखंडी सांगाडा, गरम जस्ताच्या बुडवणीतलं हवं, जस्ताचा थर ८० मायक्रॉन. गावातल्या वेल्डरकडून अँगल जोडून त्यावर चंदेरी रंग मारलेलं स्ट्रक्चर पहिल्या पावसाळ्यात छान दिसतं, तिसऱ्यात वेल्डिंगच्या जागी भगवा गंज उतरू लागतो. वाऱ्याचा सगळा ताण त्याच जोडांवर असतो. स्ट्रक्चर सहा-सात फूट उंच घ्यावं. खाली कुरडया, पापड, ज्वारी वाळत घालायची जागा राहते, आणि पॅनलखालून वारा खेळल्याने ती कमी तापतात, म्हणून वीजही थोडी जास्त देतात. पाय स्लॅबला भोक पाडून रोवले असतील तर प्रत्येक भोकात रसायन भरून घेतलंय का, हे सिमेंटचा ठोकळा टाकण्याआधी पाहावं. एकदा ठोकळा बसला की गळती शोधता येत नाही.

पत्र्याच्या घरावर पॅनल बसतं, पण त्याचे स्क्रू पत्र्यातून थेट खालच्या पर्लिनमध्ये (पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या पट्टीत) जायला हवेत आणि प्रत्येकाखाली रबरी वॉशर हवा. नुसत्या पत्र्याला अडकवलेलं पॅनल वळवाच्या वाऱ्यात पत्र्यासकट उडतं. कौलारू घरावर मात्र कुणी कितीही सांगितलं तरी पॅनल बसवू नये. वासे तेवढ्यासाठी नसतात, आणि कौल बदलायला पुढे वर चढता येत नाही. अशा घराला परसात किंवा गोठ्याच्या बाजूला जमिनीवरचं स्ट्रक्चर घ्यावं. गोठा असेल तर खालच्या बाजूला जाळी मारावी, म्हणजे वायरीला गाईगुरांचं तोंड लागत नाही.

सावली हा सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा. एका पॅनलच्या कोपऱ्यावर पाण्याच्या टाकीची सावली पडली तर फक्त तो कोपरा बंद पडत नाही. पॅनल एका माळेत जोडलेली असतात, एकाचा प्रवाह कमी झाला की पूर्ण माळेवर परिणाम होतो. नारळाची झावळी, डिश अँटेना, शेजाऱ्याने पुढच्या वर्षी चढवलेला मजला, सगळं मोजावं. डिसेंबरात सूर्य सगळ्यात खाली असतो, तेव्हाची सकाळी नऊ आणि दुपारी चारची सावली पाहून जागा ठरवली तर वर्षभर चिंता नाही.

वायरिंगमध्ये ठेकेदार काटकसर करतात ती दिसत नाही. प्रत्येक घराला तीन वेगवेगळे अर्थिंगचे खड्डे हवेत: एक लायटनिंग अरेस्टरचा (वीज पडल्यावर ती जमिनीत नेणाऱ्या दांड्याचा), एक पॅनल व स्ट्रक्चरचा, एक इन्व्हर्टर आणि एसी बाजूचा (इन्व्हर्टरमधून घराकडे जाणाऱ्या विजेचा). तिन्ही एकाच खड्ड्यात नेले की वीज पडल्यावर तिचा दणका त्याच वाटेने इन्व्हर्टरमध्ये शिरतो. सह्याद्रीच्या पट्ट्यात एप्रिल-मे आणि परतीच्या पावसात हे होतंच. खाली कातळ असला की खड्डा हातभरावर थांबतो आणि त्यात नुसती तांब्याची पट्टी पुरून वर माती ओढली जाते. अर्थ टेस्टर लावून वाचन ५ ओहमच्या आत दाखवा, मग सही, हा नियम ग्रामपंचायतीने करारातच घालावा. पॅनलच्या वायरींना जोडणारे कनेक्टरही पाहावेत. दोन वेगळ्या कंपन्यांचे नर-मादी एकमेकांत बसतात, टिक आवाजही येतो, पण आत पिनांची पकड ढिली राहते. वर्षभरात तिथे काळा डाग पडतो, प्लास्टिक मऊ होतं आणि एक दिवस धूर निघतो. वायर बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या उन्हाने दोन वर्षांत तडकतात. मग वायर लोंबकळून पत्र्याच्या धारेवर घासते, खारी-उंदरांच्याही दाताखाली येते. स्टीलच्या पट्ट्या आणि पाइपातून नेलेली वायर, हे पाच-सातशे रुपयांचं काम आहे. त्यावर अडून बसावं.

आता मुद्दा येतो तो सगळ्या गावाने एकत्र का करावं याचा. रोहित्राला गावात डीपी म्हणतात. ती बहुधा ६३ किंवा १०० केव्हीए क्षमतेची असते. तिच्यापासून निघालेल्या लाइनच्या शेवटी, वस्तीच्या टोकाला, दुपारी बाराला घरात कुणी नसतं. पंखाही बंद असतो. त्याच वेळी प्रत्येक छतावरून वीज लाइनमध्ये ढकलली जाते. ती जायला तार बारीक पडते आणि त्या टोकाचा व्होल्टेज २३० वरून २६०-२७० कडे चढतो. इन्व्हर्टर स्वतःला वाचवायला बंद होतो, काही मिनिटांनी सुरू होतो, पुन्हा बंद. पडद्यावर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ उमटतं. घरमालक म्हणतो माल खराब दिला, ठेकेदार म्हणतो लाइन खराब. दोष कुणाचाच नसतो. घरं एकेक करून जोडली जातात तेव्हा वायरमन जवळ दिसेल त्या फेजवर (लाइनच्या तीन तारांपैकी एकीवर) जोडणी मारतो आणि पंधरा-वीस घरांचं सोलर एकाच फेजवर येऊन बसतं.

गाव एकत्र करायचं ठरलं की आधी डीपीनिहाय यादी करता येते. घरं तिन्ही फेजवर सारखी वाटता येतात, टोकाच्या खांबांची तार जाड करून मागता येते. ही कामं महावितरणची आहेत, पण ती मागायला शंभर घरांची एकच यादी आणि ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. एकट्या ग्राहकाच्या अर्जावर कुणी तार बदलत नाही. न्यूट्रलचे (परतीच्या तारेचे) जोडही त्याच वेळी तपासून घ्यावेत. न्यूट्रल तुटला तर एका फेजवर चारशेच्या जवळ व्होल्टेज जाऊन इन्व्हर्टर, टीव्ही, फ्रिज सगळं एका क्षणात जळतं.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. लाइट गेली की हे सोलर बंद पडतं, भर उन्हातही. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी इन्व्हर्टर तसा बनवलेलाच असतो. ‘सोलर बसवलं, आता लोडशेडिंग संपलं’ असं सांगणारा विक्रेता चुकीचं सांगतो. बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर घेता येतो, पण बॅटरीला अनुदान नाही आणि खर्च बराच वाढतो.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या इमारतींवर आमची थोडी नाराजी आहे. कार्यालय, जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी यांना घरगुती अनुदान लागू नाही. पैसा वित्त आयोगाच्या निधीतून किंवा जिल्हा नियोजनातून उभा करावा लागतो. त्यामुळे कार्यालयाच्या छतावर दोन-तीन किलोवॉट बसवून फोटो काढला जातो, आणि पंचायतीचं खरं मोठं बिल, म्हणजे पाणीपुरवठा आणि पथदिवे, तसंच राहतं. एका मीटरवरची सौरवीज दुसऱ्या मीटरच्या बिलातून आपोआप वजा होत नाही, हे ठराव करताना लक्षात घेतलं जात नाही.

पाणीपुरवठ्याचा हिशोब करून पाहा. साडेसात एचपीचा पंप म्हणजे सुमारे ५.६ किलोवॉट. रोज चार तास चालला तर २२ युनिटं. त्याला ६ किलोवॉटचं सोलर पुरतं, आणि ते विहिरीजवळ किंवा टाकीच्या आवारात, पंपाच्याच मीटरवर बसवायचं. पंप पहाटे चालवायची सवय मोडून सकाळी दहा ते दोन चालवावा. तो गावठाणच्याच डीपीवर असेल तर दुपारी चढणारा व्होल्टेजही तोच पंप खाली ओढतो. एकाच वेळापत्रकात दोन दुखणी बरी होतात, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही.

पथदिव्यांचं तसं जमत नाही, कारण त्यांचं मीटर खांबावर असतं, तिथे छत नसतं. तेव्हा आधी दिवे एलईडी करावेत आणि टायमर लावावा. २० वॉटचे ४० दिवे ११ तास चालले तर रात्रीला ८.८ युनिटं जातात. टायमर नसेल आणि ते दिवसा बारापर्यंत पेटत राहिले तर पन्नास टक्क्यांहून जास्त वाढ होते. बॅटरीवाले स्वतंत्र सौरदिवे वाडीपासून लांब, स्मशानभूमीच्या वाटेवर किंवा एसटी थांब्यावर लावावेत. गावभर लावले तर चार-पाच वर्षांत बॅटऱ्या एकदम संपतात आणि तेव्हा बजेटमध्ये पैसे नसतात.

प्रत्येक घरगुती सौर जोडणीमागे स्थानिक संस्थेला १,००० रुपये प्रोत्साहन मिळतं. शंभर घरं म्हणजे लाखभर रुपये. हे पैसे स्वागतकमानीवर न घालता देखभालीसाठी वेगळे ठेवावेत, असं आम्ही आवर्जून सांगू. ठेकेदारावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. तेवढ्या काळात गावातल्याच आयटीआय झालेल्या एखाद्या मुला-मुलीला क्लॅम्प मीटर (तारेतला प्रवाह मोजणारा), अर्थ टेस्टर आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश द्यावा, महिन्याला प्रत्येक इन्व्हर्टरच्या पडद्यावरची एकूण युनिटं वहीत लिहायला लावावीत. मोबाइल ॲपवर भिस्त ठेवू नये. खोऱ्यात रेंज नसली की ॲप आठवडाभर जुनाच आकडा दाखवत राहतं. वहीत शेजारच्या सारख्याच सिस्टिमपेक्षा वीस टक्के कमी युनिटं दिसली की त्या छतावर चढून बघायचं.

धुण्याचंही एक तंत्र आहे. साखर कारखान्याच्या परिसरात हंगामात काळी राख बसते, तिथे नोव्हेंबर ते मार्च दर आठवड्याला धुवावं. इतरत्र पंधरा दिवसांनी चालतं, पावसाळ्यात लागत नाही. पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर धुवावं. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नये. बोअरचं क्षारयुक्त पाणी असेल तर लगेच पुसून घ्यावं, नाहीतर काचेच्या खालच्या कडेला पांढरा पापुद्रा धरतो, तो सहजासहजी निघत नाही आणि नेमका खालच्या ओळीच्या सेलवर सावली धरतो. वानरांचा उपद्रव असेल तर पॅनलवर उड्या मारण्याने आतल्या सेलला न दिसणाऱ्या भेगा पडतात. स्ट्रक्चरच्या पायांना पत्र्याचे उलटे शंकू बसवावेत आणि छतावर टेकलेल्या फांद्या तोडाव्यात.

शहरातल्या वाचकांसाठी दोन ओळी. सोसायटीला सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे, आणि पुणे महापालिकेसारख्या संस्था सौर, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं अशा सोयींवर मिळकतकरात ५ ते १० टक्के सूट देतात. ती सूट अनेक सोसायट्या मागायचंच विसरतात.

शेवटी पहिलं बिल. नेट मीटर बसल्यावर बिलात आयात, निर्यात आणि पुढे नेलेली युनिटं असे वेगळे रकाने यायला हवेत. ते नसतील, किंवा बिल सरासरीवर आलं असेल, तर मीटर बदलल्याची नोंद बिलिंगमध्ये चढलेली नाही. मीटरच्या पडद्यावरच्या आयात-निर्यातीच्या दोन्ही आकड्यांचा फोटो काढून त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्यावा. सगळी युनिटं वजा झाली तरी स्थिर आकार आणि त्यावरचं वीज शुल्क मिळून शे-दीडशे रुपये येतातच, ते बरोबर आहे. आणि जमा युनिटांचा हिशोब ३१ मार्चला बंद होतो, तेव्हा फेब्रुवारीच्या बिलावर मोठी जमा दिसत असेल तर मार्चमध्ये पिठाची चक्की, पाण्याची मोटर, गिझर निवांत चालवावेत.